हिरव्या आठवड्यांचं काय?

जुलै संपत आला की होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरा प्लॅनर उघडलेला असतो, शेजारी चार-पाच मार्गदर्शक पुस्तकं आणि रंगीत पेनं, आणि खालून कुणीतरी टेबलक्लॉथ ओढत असतं. घर कॅथलिक असेल तर प्लॅनरवर आणखी एक थर चढतो: सण, संतांचे दिवस, उपवासकाळ. हे सगळं एका वर्षात कसं बसवायचं हे सांगणारी पुस्तकं अमेरिकेत भरपूर आहेत. त्यांतली पाच मी गेल्या दोन वर्षांत वाचली आणि वापरली. काही या कामासाठीच लिहिलेली आहेत, काही आयांनी या कामाला जुंपलेली आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण कॅथलिक नाहीत, आणि मुलांना घरी शिकवणारे तर त्याहून कमी असतील. तरी वाचा. रविवारच्या मराठी शाळेला मुलांना घेऊन जाताना, गणपती आणि शाळेची चाचणी एकाच आठवड्यात आली की काय सोडायचं हे ठरवताना, तुम्हीही हाच प्लॅनर उघडून बसलेले असता. दुसऱ्या देशाच्या वेळापत्रकात आपलं वर्ष कुठे बसवायचं, आणि ते कोणत्या भाषेत जगायचं, हा प्रश्न तुमचा-आमचा सारखाच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही पुस्तकं वर्ष भरायला छान शिकवतात, रिकामं ठेवायला फार थोडी शिकवतात. आणि घरात दोन-तीन भाषा असतील तर कोणती कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांतलं एकही पुस्तक विचारत नाही. एका पुस्तकात त्याचं उत्तर सापडतं, पण तेही लेखिकेच्या नकळत.

पुस्तकांकडे वळण्याआधी कायद्याचं थोडं, कारण आखणीची चौकट तिथून येते. होमस्कूलिंग अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. न्यू जर्सीत कुणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास, शिवाय दर तिमाहीला अहवाल. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनियात १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि वर्षात १८० दिवस किंवा प्राथमिक वयासाठी ९०० तास भरायचे. विषयांची यादी लांब आहे. आग कशी टाळावी हासुद्धा त्यात एक विषय आहे. धर्म त्या यादीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे. (इंग्लंडमध्येही घरी शिकवता येतं. जर्मनीतल्या वाचकांना मात्र हा लेख फक्त वाचण्यापुरताच, कारण तिथे ते चालत नाही.)

आता त्या ‘किंवा’कडे बघा. ९०० तासांना १८० दिवसांनी भागलं तर रोजचे पाच तास होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला घरी, समोरासमोर शिकवताना पाच तास लागत नाहीत. वर्गात रांगा, हजेरी आणि पंचवीस वह्या तपासण्यात जाणारा वेळ इथे नसतो. लेखन, वाचन आणि गणित दीड-दोन तासांत होतं. ज्या राज्यात दिवस मोजायची मुभा आहे तिथे दिवस मोजावेत, तास मोजू नयेत. पहिल्या वर्षी मी तास मोजले. ऑक्टोबरमध्ये धाकट्याचा कान दुखायला लागला, दोन आठवडे कुणी नीट झोपलं नाही, आणि मी रात्री अकरा वाजता वहीत तास जुळवत बसले होते. ती आखणी तिथेच संपली.

अशा वेळी सगळ्यात मोहात पाडतो तो तयार अभ्यासक्रम. कॅथलिक घरांत यातलं सर्वांत माहितीचं नाव म्हणजे व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलची सीटन होम स्टडी स्कूल. पाठ्यपुस्तकं, रोजचे पाठ, चाचण्या, गुणपत्रक, सगळं घरपोच. तिच्या संचालिका राहिलेल्या मेरी के क्लार्क यांचं ‘कॅथलिक होम स्कूलिंग’ हे १९९३ चं जाड पुस्तक. होमस्कूलिंगकडे लोक संशयाने बघत होते त्या काळात ते लिहिलेलं आहे, आणि त्याचा सूर वकिलाचा आहे. चर्चच्या दस्तऐवजांतले दाखले, शिस्त, घरकाम, ‘मुलं माणसांत कशी मिसळतील’ या प्रश्नाची उत्तरं, असा त्याचा पसारा आहे. ज्या बाईला सासर-माहेरासमोर आपल्या निर्णयाची बाजू मांडायची आहे तिला ते अजूनही उपयोगी पडेल. वसईच्या फोनवर मी त्यातले मुद्दे वापरले आहेत.

पण आखणीचा नमुना म्हणून त्याच्या मागे शाळाच उभी आहे. सोमवार ते शुक्रवार, विषयामागून विषय, फक्त बाकाच्या जागी जेवणाचं टेबल. दहा वर्षांच्या मुलाला आणि नोकरी सांभाळून शिकवणाऱ्या आईबापांना हा आधार खरोखर मोलाचा आहे, तो मी नाकारत नाही. पाच आणि सात वर्षांच्या मुलांसाठी मात्र ही आखणी दुसऱ्याचं वर्ष आपल्या घरात आणून ठेवते. एखादा पाठ मागे पडला की मूल मागे पडलं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात मागे पडलेला असतो फक्त कागद.

लॉरा बर्क्विस्ट यांचं ‘डिझायनिंग युवर ओन क्लासिकल करिक्युलम’ याच्या उलट टोकाचं आहे. हेही नव्वदीतलं. पाठ घरपोच येत नाहीत, ते तुम्ही निवडायचे. बालवाडीपासून बारावीपर्यंत इयत्तावार प्रकरणं, कोणतं पुस्तक का, आठवड्याच्या वेळापत्रकाचा नमुना. सहा मुलांच्या आईने लिहिलेलं असल्यामुळे नमुने खरे वाटतात. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त दिवस उघडं राहिलेलं पुस्तक हेच.

त्याचा पाया डोरोथी सेयर्स यांच्या १९४७ च्या एका निबंधात आहे. सेयर्स गुप्तहेरकथांच्या लेखिका, अँग्लिकन, आणि तो निबंध काही घरच्या शाळेबद्दल नव्हता. त्यांचं म्हणणं असं की लहान मूल पोपटासारखं असतं. त्याला पाठ करायला, तालात म्हणायला आवडतं, तर त्या वयात भरपूर पाठ करून घ्या. वाद घालायचं वय पुढे येतं, शैलीचं त्याच्याही पुढे. आपल्याकडे ‘पोपटपंची’ हा शब्द नाक मुरडून वापरला जातो, पण पाढे, श्लोक आणि आमच्याकडची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं ज्यांनी पाचव्या-सहाव्या वर्षी पाठ केली त्यांना ती अजून येतात. पंचविसाव्या वर्षी पाठ केलेलं टिकत नाही. बर्क्विस्ट यांनी हे ओळखलं आहे. पाठांतराला त्या आखणीच्या मध्यावर ठेवतात. त्यासाठी कवितांचा एक वेगळा संग्रहही त्यांनी काढला. धर्मासाठी त्या ‘बाल्टिमोर कॅटेकिझम’ची प्रश्नोत्तरं वापरतात. ते १८८५ चं पुस्तक, त्याच्या दुसऱ्या भागात ४२१ प्रश्न आहेत.

माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते. पोपटाचं वय इतकं मोलाचं असेल तर त्या वयात काय पाठ करायचं याच्याइतकाच कोणत्या भाषेत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बर्क्विस्ट यांच्यासाठी त्याचं उत्तर उघड आहे: इंग्रजी, आणि पुढे लॅटिन. त्यांच्या घरात तिसरी भाषा नव्हती, त्यामुळे प्रश्नच उद्भवला नाही. आमच्या घरात तो रोज उद्भवतो. आम्ही आपसांत कादोडी, म्हणजे उत्तर वसईची सामवेदी बोली, बोलतो. प्रार्थना लहानपणापासून प्रमाण मराठीत करतो. मुलं एकमेकांशी इंग्रजीत भांडतात. पुस्तकात दिलेली वीस मिनिटांची पाठांतराची जागा मी पहिल्या वर्षी प्रामाणिकपणे इंग्रजी कवितांनी भरली. मुलाने त्या सुरेख म्हणून दाखवल्या. मग मे महिन्यात आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर जपमाळ करताना त्याची पाळी आली. त्याने सुरुवात मराठीत केली आणि मधेच इंग्रजीत गेला. आजी थांबली, काही बोलली नाही, त्याचं पूर्ण होईपर्यंत वाट बघितली आणि पुढचा मणी मराठीत सुरू केला. तो पुस्तकाचा दोष नव्हता, माझा होता. पण ज्या पुस्तकाने पाठांतराचं वय इतकं अचूक सांगितलं त्याने एवढं तरी विचारायला हवं होतं, की हे मूल मोठेपणी कुणाबरोबर प्रार्थना करणार आहे.

म्हणून कायद्याच्या यादीत धर्म नाही हे मी लक्षात ठेवायला सांगितलं. गणित, भूगोल, आगीपासून बचाव हे सगळं सरकारी कागदावर दाखवावं लागतं. प्रार्थना दाखवावी लागत नाही. त्यामुळे अख्ख्या वर्षात ज्या वेळेची भाषा पूर्णपणे आपल्या हातात आहे ती हीच. ती इंग्रजीला देऊन मग रविवारी तासभर मराठी शाळेत भरून काढायचा प्रयत्न करणं हा उलटा हिशोब आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सातव्या वर्षाच्या आसपास कॅथलिक मुलांची पहिली कबुली आणि पहिला कम्युनियन असतो. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये हे वय खाली आणलं, आणि अमेरिकेत तो सोहळा साधारणपणे दुसरीत होतो. इथल्या धर्मगुरूसमोर मूल इंग्रजीतच कबुली देणार, मिस्सा इंग्रजीतच ऐकणार. मग मराठीचा आग्रह धरून त्याला दोन्हीकडून अर्धवट ठेवायचं का? माझ्या अनुभवात तसं होत नाही. चर्चमधली इंग्रजी उत्तरं मूल दर रविवारी ऐकून आपोआप शिकतं, त्यासाठी वेळापत्रकात जागा लागत नाही. आपोआप येत नाही ते मराठी. आखणीत जागा त्यालाच द्यायची जे आखल्याशिवाय होणार नाही.

सारा मॅकेंझी यांचं ‘टीचिंग फ्रॉम रेस्ट’ हे छोटं पुस्तक आयांमध्ये हातोहात फिरतं, आणि का ते कळतं. इतर पुस्तकं मुलांचं वर्ष आखतात, हे आईचा जीव सांभाळतं. अभ्यासक्रम ही विकत आणायची वस्तू नव्हे, हा त्याचा मधला मुद्दा. त्याच्या जोडीला व्यवहाराच्या युक्त्या: आठवड्याचे चार दिवस, रोज एकच विषय ठराविक वेळी घेण्याऐवजी विषयांची यादी करून जिथे थांबलो तिथून पुढे जाणं, दिवसात मोकळी जागा सोडणं. ही यादीची युक्ती मी उचलली आणि कान दुखण्याच्या आठवड्यांचं ओझं निम्मं झालं. चित्रकला मंगळवारी राहिली तर ती बुडत नाही, पुढच्या वेळी तिचाच नंबर लागतो.

पण हे पुस्तक वाचताना एक गोष्ट खुपत राहते, आणि ती या साऱ्याच पुस्तकांना लागू आहे. आईने शांत व्हावं, आईने अपेक्षा कमी कराव्यात, आईने प्रार्थना करावी. थकलेली आई, उपायही आईनेच करायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणावरचा १९६५ चा दस्तऐवज आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणतो. १९८३ चा चर्चचा कायदाही आईवडील असंच म्हणतो. चर्च दोघांबद्दल बोलतं आणि प्लॅनर एकीचाच असतो. आपल्या लोकांत तर याला आणखी एक पदर आहे. एच-४ व्हिसावर आलेल्या अनेकींना नोकरीची परवानगी नसते, म्हणून घरी शिकवण्याचं काम तिच्याकडे ‘तशीही घरीच आहेस’ या वाक्याने येतं. हे धर्मकार्य आहे असं म्हणून तो प्रश्न झाकला जातो. वाचकहो, तुमच्या घरी हा विचार चालू असेल तर प्लॅनरच्या पहिल्या पानावर विषय लिहू नका. कोणत्या वारी कोणते दोन तास वडील शिकवणार, ते लिहा. ते पान कोरं राहत असेल तर पुढची पानं भरू नका.

आता सणांकडे. इथे मला सर्वांत रंजक वाटलेलं पुस्तक सर्वांत जुनं आहे: मारिया ट्रॅप यांचं १९५५ चं ‘अराउंड द इयर विथ द ट्रॅप फॅमिली’. होय, ‘साउंड ऑफ म्युझिक’ची मारिया. सिनेमा डोंगर ओलांडण्यापाशी संपतो. पुढे हे कुटुंब अमेरिकेत व्हरमाँटमधल्या स्टो गावी स्थायिक झालं. हे पुस्तक म्हणजे ऑस्ट्रियातल्या कॅथलिक घराचं वर्ष, गाणी आणि पाककृतींसह. आगमनकाळात हिरव्या फांद्यांचं चक्र आणि चार मेणबत्त्या, ६ डिसेंबरला संत निकोलस, आणि असंच वर्षभर. आज अमेरिकेतल्या कॅथलिक प्लॅनरांत जे ‘परंपरेचं’ म्हणून छापलेलं असतं त्यातलं बरंचसं अशा मध्य युरोपीय घरांतून आलेलं आहे.

हे पुस्तक सर्वत्र पाककृतींच्या वहीसारखं वाचलं जातं. मला ते वेगळं दिसतं. ते स्थलांतरित बाईचं पुस्तक आहे. परक्या देशात आपलं वर्ष विरघळायला लागलं आहे हे जिला दिसलं तिने आपल्या गावात काय होतं ते लिहून ठेवलं, आपल्या गाण्यांसकट. मी वर म्हटलं की एका पुस्तकात भाषेच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं, ते हेच. मारियाबाईंनी प्रश्न विचारला नाही, कारण आपल्या घरचा सण आपल्याच गाण्यांनी साजरा होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आणि आम्ही काय करतो? वसईच्या बायका पेनसिल्व्हेनियात बसून ऑस्ट्रियाचा सण करतो. ६ डिसेंबरला मुलांच्या बुटांत चॉकलेटची नाणी मीही ठेवली आहेत. मुलांना मजा आली, त्यात पाप काही नाही. पण त्याच डिसेंबरात गोठ्यासाठी वाटीत धान्य रुजत घालायचं राहून गेलं, जे माझ्या आईने दर वर्षी केलं. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, त्याला लागून वांद्र्याची मोत माउलीची जत्रा भरते. आमच्या प्लॅनरमध्ये तो चौकोन कोरा होता कारण पुस्तकात त्यासाठी काही ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ दिलेली नव्हती. ट्रॅपबाईंचं पुस्तक खरं मानायचं असेल तर त्यातले सण उचलू नका, त्यांची कृती उचला. एक वही घ्या आणि तुमच्या आजीच्या घरी वर्षभर काय होतं ते लिहा. फोन करून विचारावं लागेल. जिला विचारायचं ती आहे तोवर विचारा.

या पुस्तकाच्या वारसांबद्दल एक तक्रार आणखी आहे, आणि लेखाचं शीर्षक तिथून आलं आहे. चर्चच्या वर्षाला रंग असतात. आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, आणि उरलेला सामान्य काळ हिरवा. हा हिरवा काळ वर्षात ३३ किंवा ३४ आठवड्यांचा असतो, म्हणजे बावन्नपैकी जवळजवळ दोन तृतीयांश. शाळा चालू असते त्या महिन्यांतही ऑगस्टअखेरपासून आगमनकाळापर्यंत आणि मग जानेवारीच्या मध्यापासून राखेच्या बुधवारापर्यंत तो पसरलेला असतो. चर्चने हजारो संत जमवले तरी वर्षाचा मोठा भाग साधाच ठेवला. प्लॅनर मात्र प्रत्येक चौकोनात एक संत, एक चित्र, एक खाऊ भरतात. हिरवे आठवडे दिसेनासे होतात. रोजच सण असेल तर मुलाला सण कळणार कसा?

उलट जिथे खरोखर रेंगाळायला हवं तिथे हेच प्लॅनर घाई करतात. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांसाठी तक्ते, भरण्या, ठिपक्यांची चित्रं यांची रेलचेल. ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा, उपवासकाळाहून मोठा, पण रविवारची अंडी खाऊन झाली की पानं कोरी. कारण साधं आहे: एप्रिल-मेमध्ये शाळेचं वर्ष संपवायची घाई असते. शाळेचं कॅलेंडर आणि चर्चचं कॅलेंडर समोरासमोर आलं की जिंकतं कोण, ते या कोऱ्या पानांवर दिसतं.

शेवटचं पुस्तक सोफिया काव्हालेत्ती यांचं ‘द रिलिजस पोटेन्शियल ऑफ द चाइल्ड’. काव्हालेत्ती रोमच्या, हिब्रूच्या अभ्यासक. १९५४ पासून त्यांनी मारिया माँटेसरींच्या शिष्या जान्ना गोबी यांच्याबरोबर लहान मुलांबरोबर काम केलं. पुस्तक होमस्कूलिंगबद्दल नाही, त्यात वेळापत्रक नाही, आणि वाचायला ते सोपं नाही. तरी लहान मुलांच्या घरात वर्ष आखताना हे एकच ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन. त्यांचं म्हणणं असं की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फार गोष्टी द्यायच्या नाहीत, पण ज्या द्यायच्या त्या सर्वांत मोठ्या द्यायच्या. चांगला मेंढपाळ, मोहरीचा दाणा, बेथलेहेमचं बाळ. एक गोष्ट सांगायची, लाकडाच्या छोट्या आकृत्या समोर ठेवायच्या आणि बाजूला व्हायचं. मूल त्याच गोष्टीकडे महिनोन् महिने परत येतं. लहान मुलांच्या प्रार्थनेत मागणी कमी आणि आभार जास्त असतात, हे त्यांचं निरीक्षण माझ्या पाच वर्षांच्या मुलीने मला रोज रात्री पटवून दिलं. तिचे आभार पावसापासून सुरू होऊन शेजारच्या कुत्र्यापर्यंत जातात.

काव्हालेत्तींच्या बाजूला ठेवलं की ४२१ प्रश्नांचं पुस्तक केवढं अवजड दिसतं! सातव्या वर्षानंतर त्या प्रश्नोत्तरांचं काम आहे, नाही असं नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला व्याख्येआधी गोष्ट लागते. हे आपल्या मराठीला नवीन नाही. मूळ इंग्लंडच्या, १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी मराठीत जे लिहिलं ते ओवीबद्ध पुराण होतं: सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या, श्रोते विचारतात आणि पाद्री-गुरू सांगतो अशा घाटाचं ‘ख्रिस्तपुराण’. प्रश्नोत्तरांचं पुस्तकही त्यांनी केलं, पण कोकणीत, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलं गेलं. एक इंग्रज माणूस परक्या मुलखातल्या लोकांना त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायला मराठी शिकला. आम्ही इंग्रजी मुलखात येऊन आमच्याच मुलांना तीच गोष्ट इंग्रजीत सांगतो.

तर या सगळ्यातून माझं यंदाचं वर्ष कसं झालं? १५ ऑगस्टच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू. सहा आठवडे काम, एक आठवडा सुट्टी, असे सहा फेरे. ३६ आठवडे पाच दिवसांनी गुणले की १८० दिवस भरतात, कायदा खूश. पाचवा दिवस ग्रंथालय, संगीत आणि जंगलात भटकण्याचा. तेही विषय यादीत आहेत, त्यामुळे तो दिवस खोटा नाही. चार दिवस सकाळी वीस मिनिटं मराठी: प्रार्थना, एक कविता, पाढे. मग गणित आणि वाचन. बाकी विषय मॅकेंझीबाईंच्या यादीतून. दुपारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधली एखादी गोष्ट, मोठ्याने. मंगळवार आणि शनिवारचे दोन तास बाबांचे, आणि जपमाळेचा फोनही बाबाच लावतात. वर्षभरात सण मोजके: ८ सप्टेंबर, २ नोव्हेंबरला गेलेल्यांची आठवण, नाताळ, ईस्टर, आणि प्रत्येक मुलाच्या नावाच्या संताचा दिवस. आगमनकाळात फक्त गणित, वाचन आणि धान्याची वाटी. ईस्टरनंतर पन्नास दिवस टेबलावर पांढरा कपडा, दुसरं काही करायचं नाही.

हे वर्षही ऑक्टोबरमध्ये कुठेतरी कोलमडेल. दोन वर्षांच्या मुलाने कोणताही प्लॅनर वाचलेला नसतो. पण या वेळी कोलमडलं तर काय वाचवायचं ते मला माहीत आहे: सकाळची ती वीस मिनिटं. भूगोल पुढच्या वर्षी येईल, आजी येईलच असं नाही.

तुमच्या घरी गणपती असेल, ईद असेल, पासोव्हर असेल. पुस्तकं विकत घ्या, त्यांतल्या युक्त्या बिनदिक्कत उचला. फक्त प्लॅनर भरण्याआधी एक हिरवं पेन घ्या आणि अर्ध्याहून जास्त चौकोन त्याने रंगवून टाका. त्यात काहीही लिहू नका. उरलेल्या चौकोनांत जे मावेल तेवढंच तुमचं वर्ष.